खुर्चीला चार तारे, सौदा करण्याच्या पद्धतीला दीड

ज्यांना फक्त खुर्चीबद्दल वाचायचंय, त्यांच्यासाठी आधी तेवढंच सांगते. पाठीची जाळी घट्ट आहे, पाच-सहा तास बसून कंबर कुरकुरत नाही. गॅस लिफ्ट आपोआप खाली बसत नाही. हात वर-खाली होतात, आत-बाहेर होत नाहीत, त्यामुळे अरुंद टेबलाला ते अडतात. जोडताना सगळे बोल्ट आधी सैल लावा आणि शेवटी आवळा, नाहीतर हाताची भोकं जुळत नाहीत आणि माहितीपत्रकात याचा उल्लेख नाही. चार तारे.

आता दुकानाविषयी. हे फक्त ऑनलाइन चालणारं फर्निचरचं दुकान आहे, नाव मुद्दाम देत नाही. मी खरेदी विभागात काम करते. दिवसभर कोटेशन, पीओ (लेखी खरेदी-आदेश) आणि सप्लायरची ऑर्डर ॲक्सेप्टन्स यांतच डोकं असतं. प्रस्ताव कुणी दिला, स्वीकारला कुणी आणि नेमका कधी, हे बघितल्याशिवाय आमच्याकडे कागद पुढे सरकत नाही. त्याच नजरेनं या दुकानाकडे पाहिलं, म्हणून हा रिव्ह्यू लांबलाय.

पहिल्या वेळी मी ऑर्डर दिली, पैसे खात्यातून गेले आणि लगेच मेल आला: ‘अभिनंदन! तुमची ऑर्डर कन्फर्म झाली आहे.’ दुसऱ्या दिवशी दुसरा मेल: किंमत चुकून कमी लागली होती, ऑर्डर रद्द, पैसे परत पाठवत आहोत. मी अटी-शर्ती उघडल्या. तिथे स्वच्छ लिहिलंय की ग्राहकाची ऑर्डर हा प्रस्ताव, मेल ही फक्त ऑर्डर मिळाल्याची पोच आणि माल रवाना होईल तेव्हाच दुकानाची स्वीकृती.

ही अट वाचून बरेच जण फसवणूक म्हणून ओरडतात. मी ओरडणार नाही. वेबसाइटवर मांडलेली वस्तू म्हणजे प्रस्ताव नव्हे, ग्राहकानं प्रस्ताव द्यावा म्हणून दिलेलं ते निमंत्रण, ही भूमिका जुनीच आहे. १९५३ साली इंग्लंडमध्ये बूट्स या औषधविक्रेत्यांच्या सेल्फ-सर्व्हिस दुकानाबाबत हाच वाद झाला. ग्राहकानं फळीवरून बाटली उचलून टोपलीत टाकली की सौदा पक्का होतो का? कोर्ट म्हणालं, नाही. ग्राहक गल्ल्यापाशी माल पुढे करतो तो प्रस्ताव आणि तो घ्यायचा की नाही हे दुकान तिथे ठरवतं. १९६० साली काचेआड किंमत लावून ठेवलेल्या चाकूबद्दलही तेच ठरलं. आणि हे व्यवहाराला धरून आहे. गोदामात एकच खुर्ची उरली असेल आणि दहा जणांनी बटण दाबलं, तर पान हा प्रस्ताव धरल्यास दहा करार होतील आणि त्यातले नऊ मोडतील.

माझा आक्षेप दोन गोष्टींना आहे. पहिली म्हणजे मेलच्या माथ्यावर ठळक ‘कन्फर्म’ आणि तळाशी फिकट करड्या अक्षरांत ‘ही स्वीकृती नाही’. युरोपीय संघाच्या २००० सालच्या ई-कॉमर्स निर्देशानुसार ऑर्डर मिळाल्याची पोच विनाविलंब द्यावी लागते. तेवढीच द्या ना. ‘तुमची ऑर्डर मिळाली, तपासून कळवतो’ असं लिहायला काय हरकत आहे? त्यात पैसेही आधीच कापलेले. भारतीय करार कायदा, १८७२च्या कलम ८नुसार प्रस्तावासोबत देऊ केलेला मोबदला स्वीकारणं हीसुद्धा प्रस्तावाची स्वीकृती ठरते. दुकान म्हणेल, अटींमध्ये आम्ही वेगळं ठरवलंय. बरं, मग पैसे माल निघताना कापा.

किंमत चुकली, या सबबीचंही तसंच. सिंगापूरमध्ये एका संकेतस्थळावर ३,८५४ डॉलरचा लेझर प्रिंटर चुकून ६६ डॉलरला लागला आणि लोकांनी ढिगानं ऑर्डरी टाकल्या. आपोआप गेलेल्या कन्फर्मेशन मेलनी करार वरकरणी झालेला दिसत होता, पण किंमत चुकलीय हे खरेदीदारांना माहीत होतं, म्हणून २००४ साली कोर्टानं ते सौदे रद्दबातल धरले. माझ्या खुर्चीची किंमत सेलमध्ये असते तेवढीच होती, कुणाला संशय यावा अशी नव्हे. म्हणजे चुकीचा आधार इथे टिकणार नाही. दुकान उभं आहे ते फक्त त्या एका अटीच्या जोरावर.

दुसरा आक्षेप जास्त मोठा. याच दुकानाचा नियम आहे की ऑर्डर दिल्यानंतर तासाभरात रद्द केली नाही, तर रद्द-शुल्क पडेल. माल रवाना झालेला असो वा नसो. हे मी दोनदा वाचलं. तुम्हीच म्हणता की रवाना होईपर्यंत माझा नुसता प्रस्ताव आहे. स्वीकृती होईपर्यंत प्रस्ताव मागे घेता येतो, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असतं. वर सांगितलेल्याच कायद्याचं कलम ५ तेच सांगतं. करारच झालेला नाही तर शुल्क कोणत्या कराराखाली लावता? दुकानाला मोडायचं असेल तेव्हा करार नाही आणि मला मोडायचं असेल तेव्हा आहे! आमच्याकडे असा मसुदा सप्लायरनं पाठवला असता तर साहेबांनी तो लाल शेरा मारून परत धाडला असता. दीड तारा आहे तो याच्यामुळे.

रद्द झाल्यावर मी चॅटवर गेले. समोरचा मुलगा सौजन्यानं बोलला. म्हणाला, नव्या किमतीवर सवलत देतो, रात्री बारापर्यंत चालेल. मी लिहिलं, ‘यात हेडरेस्ट धरता येईल का?’ उत्तर आलं, ‘नाही मॅडम.’ मी लिहिलं, ‘ठीक आहे, सवलत आहे तशी घेते.’ त्यावर तो म्हणाला, ‘सॉरी मॅडम, तुम्ही वेगळी मागणी केल्यामुळे ती ऑफर बंद झाली.’

मला हसूच आलं, कारण हा नियम आहे आणि मुलाला तो अर्धा ठाऊक होता. १८४०च्या हाइड विरुद्ध रेंच खटल्यात शेताची किंमत १,००० पौंड सांगितली होती, खरेदीदार ९५० म्हणाला, मालकानं नकार दिला, मग खरेदीदार १,०००ला तयार झाला. कोर्ट म्हणालं, उशीर झाला. ९५० म्हणजे प्रतिप्रस्ताव होता आणि त्यानं मूळ प्रस्ताव संपवला. पण नुसतं विचारणं म्हणजे प्रतिप्रस्ताव नव्हे. १८८०च्या स्टीव्हन्सन विरुद्ध मॅक्लीनमध्ये लोखंडाच्या सौद्यात खरेदीदारानं तारेनं फक्त विचारलं होतं की डिलिव्हरी दोन महिन्यांत विभागून मिळेल का. ती चौकशी ठरली आणि मूळ प्रस्ताव जिवंत राहिला. मी खटल्यांची नावं फेकली नाहीत. एवढंच लिहिलं: ‘मी अट घातली नव्हती, प्रश्न विचारला होता. वर जाऊन वाक्य बघा, शेवटी प्रश्नचिन्ह आहे.’ थोडा वेळ तीन टिंबं नाचत राहिली. मग सुपरवायझर आल्या आणि सवलत परत चालू झाली. याचं श्रेय दुकानाला देते.

‘बारापर्यंत’वर मात्र विसंबू नका. प्रस्ताव उघडा ठेवण्यासाठी तुम्ही वेगळं काही मोजलं नसेल, तर मुदतीच्या आतही तो मागे घेता येतो. १८७६च्या डिकिन्सन विरुद्ध डॉड्समध्ये घर शुक्रवारी सकाळी नऊपर्यंत राखून ठेवतो असं लिहून दिलं होतं आणि गुरुवारीच ते दुसऱ्याला विकलं. घर घेऊ पाहणाऱ्या डिकिन्सनला ही बातमी तिसऱ्याच माणसाकडून कळली होती, तरी त्याचा दावा टिकला नाही. पटलं की लगेच ‘घेते’ लिहा आणि स्क्रीनशॉट काढा.

खुर्चीसोबत देखभाल योजनेचा मेलही येतो: पहिला काळ मोफत, नंतर नकार कळवला नाही तर संमती समजू. गप्प बसणं म्हणजे होकार नव्हे. १८६२ सालच्या खटल्यात फेल्टहाउस नावाच्या गृहस्थानं पुतण्याला त्याचा घोडा विकत घेण्याबद्दल असंच लिहिलं होतं की काही कळवलं नाहीस तर घोडा माझा समजेन. कोर्टानं ते मानलं नाही. तरीही मी ‘नको’ असं एका ओळीत कळवून टाकलं, कारण कार्डातून पैसे गेल्यावर कोर्टाचे दाखले देत बसायला वेळ कुणाला आहे?

संकेतस्थळावर ‘हीच खुर्ची इतरत्र स्वस्त दाखवा, दुप्पट फरक देऊ’ असा बिल्ला आहे. जाहिरात सहसा प्रस्ताव नसते, पण ठरावीक काम करणाऱ्याला ठरावीक रक्कम देऊ असं जगजाहीर सांगितलं तर ती ठरू शकते. ‘आमचा धुराचा गोळा (नाकानं ओढायचं औषध) वापरूनही फ्लू झाला तर १०० पौंड देऊ’ अशी जाहिरात करणाऱ्या इंग्लंडमधल्या कंपनीकडून कार्लिलबाईंनी ते १०० पौंड तसेच वसूल केले होते. त्या कंपनीनं आपण गंभीर आहोत हे दाखवायला १,००० पौंड बँकेत ठेवल्याचंही छापलं होतं. इथे बिल्ल्याखाली ‘दुकानाच्या विवेकाधीन’ असं बारीक लिहिलंय, म्हणजे वकिलाला विचारून लावलेला दिसतो.

दुसऱ्या वेळी खुर्ची सांगितलेल्या दिवशी आली, खोक्याला चरा नव्हता, आणणाऱ्यानं वर आणून ठेवली. पुन्हा घेईन का? खुर्ची आवडली म्हणून घेईन, पण डिस्पॅचचा मेल येईपर्यंत जुनी खुर्ची कुणाला देऊन टाकणार नाही. चॅटची प्रत मेलवर मागवता येते. खिडकी बंद करण्याआधी वरच्या उजव्या कोपऱ्यातल्या मेन्यूत तो पर्याय दिसतो, बंद केल्यावर तो मिळत नाही.