पीआरच्या फाइलमधली ती नोकरी आम्ही कधी पाहिलीच नव्हती

कॅनडाच्या पीआरसाठी, म्हणजे तिथे कायमचं राहायच्या परवानगीसाठी, कुणाला पैसे द्यायच्या बेतात असाल, तर आधी हे वाचा.

२०२३ मध्ये बायकोच्या नावाने एक्स्प्रेस एंट्रीत, म्हणजे पीआरच्या पॉइंटवर चालणाऱ्या योजनेत, प्रोफाइल केलं. आयईएलटीएस, डिग्रीचं मूल्यांकन, अनुभवाची पत्रं, सगळं खरं होतं. स्कोअर आला ४५८, आणि त्या वर्षी सर्वसाधारण ड्रॉमध्ये ४८० च्या खाली कुणाला अर्जाचं आमंत्रण मिळत नव्हतं. पुण्यातला आमचा कन्सल्टंट म्हणाला, "एलएमआयएवाली जॉब ऑफर लावू सर, ५० पॉइंट वाढतील." साडेसहा लाख मागितले. आईने पाटल्या मोडल्या.

एलएमआयए म्हणजे परदेशी माणूस कामावर घ्यायला तिथल्या मालकाने सरकारकडून आणायची परवानगी. तिची १००० डॉलर फी मालकानेच भरायची असते, कामगाराकडून वसूल करायला बंदी आहे. एवढं माहीत असतं तरी मी तिथूनच उठून आलो असतो.

अकाउंटचा पासवर्ड कन्सल्टंटकडे. ईमेलही त्यानेच उघडलेला. प्रतिनिधीचं नाव कळवायचा फॉर्म, आयएमएम ५४७६, भरायचा नाही का, असं बायकोने एकदा विचारलं होतं. "त्याने फाइल रेंगाळते, मॅडम." आम्ही गप्प बसलो. ५०८ वर आमंत्रण आलं तेव्हा पेढे वाटले.

मग इमिग्रेशन खात्याचं पत्र आलं: अशी ऑफर आपण दिलीच नाही, असं मालक सांगतो, खुलासा करा. ते पत्र कन्सल्टंटने आम्हाला दाखवलं मुदतीला चार दिवस उरलेले असताना. जाब विचारला तर म्हणाला, "अर्ज तुमचा, सही तुमची. आमचं नाव कुठे आहे त्यात?" खरंच कुठेच नव्हतं. परवाना नसलेली ही माणसं फॉर्मवर नाव येऊ देत नाहीत ते यासाठीच.

आम्हाला माहीत नव्हतं, हे अधिकाऱ्याने मानलं नाही. कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम ४० खाली खोटी माहिती दिल्याचा ठपका आला. पाच वर्षं तिला कॅनडात प्रवेश नाही, पीआरचा अर्जही नाही. तिची धाकटी बहीण ब्रॅम्प्टनला असते. तिच्या पहिल्या बाळंतपणाला हिला जाता आलं नाही. त्या रात्री ही स्वयंपाकघरात एकटीच बसून होती, आणि मला तिच्याशी काय बोलावं ते सुचेना.

पोलिसांत तक्रार दिली आहे. त्याच्या ऑफिसला कुलूप आहे.

सल्लागाराचं नाव कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्स या कॅनडात सल्लागारांना परवाना देणाऱ्या संस्थेच्या यादीत स्वतः शोधा. ती सगळ्यांना खुली आहे. दुसऱ्याचा परवाना क्रमांक सांगणारेही असतात, म्हणून यादीतल्याच पत्त्यावर संपर्क करून खात्री करा. पासवर्ड स्वतःकडे ठेवा आणि अर्ज जाण्याआधी त्याचं पान न् पान वाचा.

गेल्या महिन्यात माझ्या ऑफिसातल्या एका मुलाला असंच सांगितलं गेलं: जॉब ऑफरचे ५० पॉइंट, नऊ लाख रुपये. २५ मार्च २०२५ पासून एक्स्प्रेस एंट्रीत जॉब ऑफरला पॉइंटच मिळत नाहीत.