2011 ची डिझेल डिझायर देऊन पेट्रोल क्रॉसओव्हर घेतली : पाडव्यापासून दिवाळीपर्यंतचा अनुभव

2025 च्या पाडव्याला गाडी घेतली. आपला खान्देशचा उन्हाळा काढला, पावसाळ्यात शेतरस्ता बघून झाला, दिवाळीला सगळ्या नातेवाइकांकडे फिरून झालं, आता लिहायला हरकत नाही. गाडीचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, नाव टाकलं की सगळी चर्चा कंपनीवर जाते आणि मला सांगायचंय ते जुनी देऊन नवी घेताना काय काय होतं त्याबद्दल. चार मीटरच्या आतली, 1.2 पेट्रोल, पाच गिअर मॅन्युअल, थोडी उंच बांधणीची, हल्ली ज्याला क्रॉसओव्हर म्हणतात तशी आहे एवढं समजा. अशा गाड्या आता चार-पाच कंपन्यांच्या आहेत आणि फरक उन्नीस-बीसच आहे.

आधीची डिझायर 2011 ची डिझेल. इंजिनबद्दल एक अक्षर वाईट बोलणार नाही, 1.3 चं ते इंजिन म्हणजे सोनं होतं, 190 न्यूटन मीटर टॉर्क (म्हणजे ओढायची ताकद), टर्बो लागला की मागून कोणी ढकलल्यासारखी पळायची. मग बदलली का, तर एक म्हणजे 15 वर्षांची आरसी (गाडीचं रजिस्ट्रेशन) 2026 ला संपणार होती. पुढे पाच-पाच वर्षांनी रिन्यू करता येते पण 2022 पासून कारची रिन्यूअल फी 5000 केलीये, वर पासिंगसाठी गाडी नीट करून न्यायची म्हणजे टायर, सस्पेन्शन, क्लच सगळं एकदम निघणार. हाय सिक्युरिटी नंबर प्लेटचं पण तेव्हाच डोक्यावर होतं. आणि दुसरं, खरं कारण, आईचे गुडघे. डिझायरमध्ये बसताना ती आधी पाठमोरी होऊन खाली टेकायची, मग एक एक पाय हाताने उचलून आत घ्यायची. उतरताना तर दोघांनी धरायला लागायचं. नाना, म्हणजे वडील, काही बोलायचे नाहीत पण लग्नाला जायचं नाव काढलं की "तुम्ही जाऊन या" म्हणायचे, त्यात सगळं आलं.

म्हणून टेस्ट ड्राइव्हला मी आईला घेऊन गेलो. सेल्समन मला स्क्रीन दाखवतोय आणि मी आईला म्हणतोय चढ, उतर, परत चढ. याच्यातून एक गोष्ट कळली जी कुठल्या ब्रोशरमध्ये नसते. गाडी जितकी उंच तितकी बरी असं नाही. एका मोठ्या एसयूव्हीत आईला साडी सावरत पाय वर टाकावा लागत होता, साइड स्टेप लावली तरी जमेना. क्रॉसओव्हरची सीट बरोबर कमरेच्या उंचीला येते, वळायचं आणि बसायचं, खाली वाकणं नाही आणि वर चढणं पण नाही. "माले बठाले सोपं जास" म्हणाली, मग बाकी फीचर कोण बघतो.

सनरूफवरून भाच्याने फार डोकं खाल्लं. मे महिन्यात 44-45 डिग्री असतं आपल्याकडे, डोक्यावर टोपी घालून वर रुमाल बांधतो आपण, आणि गाडीच्या डोक्याला काच? दुसरं म्हणजे सनरूफवालं व्हेरिएंट एक्स शोरूम 10 लाखाच्या पुढे जात होतं. पेट्रोल गाडीला आपल्या राज्यात 10 लाखापर्यंत 11 टक्के रोड टॅक्स आहे, त्याच्या पुढे गेली की 12, आणि तो सगळ्या रकमेवर लागतो, वरच्या फरकावर नाही. शिवाय 10 च्या वर 1 टक्का टीसीएस, म्हणजे गाडी घेतानाच कापून घेतलेला इन्कम टॅक्स, तो रिटर्न भरला की परत मिळतो पण तेव्हा खिशातून जातोच. आमचं व्हेरिएंट 9.40 चं, तरी नुसता टॅक्स लाखाच्या वर गेला. सनरूफ नाही याचं अजून तरी कोणाला काही वाटलेलं नाही, भाच्याला सोडून.

आता एक्स्चेंजचं, कारण सगळा खेळ इथेच आहे. शोरूमचा व्हॅल्युएशनवाला आला, पेंट मोजायचं मशीन पत्र्यावर टेकवत फिरला, बोनेट, डिकी, दाराच्या रबराखाली बघितलं, इन्शुरन्समध्ये क्लेम झालाय का विचारलं आणि 1.10 लाख म्हणाला. मी धुळ्याच्या एका एजंटला आधीच दाखवून ठेवली होती, तो 1.60 देत होता. हे सांगितल्यावर साहेब लगेच 1.45 वर आले आणि वर 25 हजार एक्स्चेंज बोनस. म्हणजे 1.70, खूश झालो. घरी येऊन दोन्ही कोटेशन शेजारी ठेवली तर आधीच्या कागदावर जो कॅश डिस्काउंट होता तो दुसऱ्या कागदावरून गायब! एका खिशातून काढून दुसऱ्यात घातलं नुसतं. तेव्हा जुनीचे किती आले, बोनस किती मिळाला हे विचारूच नका. सगळं धरून वर किती पैसे द्यायचे हा एकच आकडा कागदावर लिहून घ्या आणि एजंटला रोख विकली असती तर किती द्यावे लागले असते ते शेजारी मांडा. आम्ही तसं मांडल्यावर डिस्काउंटचा काही भाग परत आला, हँडलिंग चार्ज काढायला लावला, टेफ्लॉन कोटिंगला नाही म्हटलं. मॅट आणि मडफ्लॅप मात्र घेतले, ते लागतातच.

नो क्लेम बोनसचं बऱ्याच जणांना माहीत नसतं. तो गाडीचा नसतो, आपला असतो. पाच वर्षं क्लेम नसेल तर ओन डॅमेजच्या (आपल्या गाडीच्या नुकसानीच्या) प्रीमियमवर 50 टक्क्यापर्यंत सूट मिळते आणि जुनी गाडी दिली की सर्टिफिकेट घेऊन नव्या गाडीच्या पॉलिसीला लावता येतो. शोरूमवाला स्वतःहून सांगणार नाही, मला पण आमच्या एलआयसीवाल्या साडूने सांगितलं. पहिल्या वर्षीच बऱ्यापैकी पैसे वाचले. आणि जुन्या गाडीचा फास्टॅग बंद करा, राहून जातो.

एवढं करूनसुद्धा जे व्हायचं ते झालंच. जूनमध्ये पेरणीच्या गडबडीत मोबाईलवर मेसेज, ओव्हरस्पीडचं ई-चलन, नाशिककडचं, आणि गाडी कोणती तर आमची डिझायर. ॲपवर बघितलं तर मालक अजून मीच. शोरूमने जुन्या गाड्यांचं काम बाहेरच्या ब्रोकरला दिलेलं, त्याने पुढे कोणाला तरी विकली, तो बिनधास्त पळवतोय आणि आरसीवर मी. उद्या त्या गाडीने कोणाला उडवलं असतं तर पोलीस माझ्या दारात आले असते. फोन केले की "सर, प्रोसेसमध्ये आहे." शेवटी शोरूमला जाऊन बसलो, नव्या गाडीची डिलिव्हरी घ्यायला आलेल्या लोकांच्या शेजारच्याच सोफ्यावर, आणि मोठ्या आवाजात विचारायला लागलो की जुन्या गाडीची चलनं मी भरायची का. मग मॅनेजर पण आला आणि चहा पण आला. माझ्याकडे गाडी दिल्याची ताबा पावती होती, तारीख, वेळ, किलोमीटर आणि शिक्क्यासकट, तिच्या जोरावर चलन त्यांनी भरलं आणि ट्रान्सफर महिनाभरात झाली. यासाठी नियम आहे बरं का. 2023 पासून अधिकृत डीलरला गाडी देताना फॉर्म 29 सी ऑनलाइन भरून ताबा दिल्याचं आरटीओला कळवायचं असतं, त्यानंतर ट्रान्सफर होईपर्यंत जबाबदारी डीलरची. आमच्याकडून ट्रान्सफरच्या 29 आणि 30 फॉर्मवर सह्या घेतल्या, 29 सी चं नावच कोणी काढलं नाही.

चालवायला कशी आहे? गावात फुलासारखी. क्लच हलका, स्टिअरिंग हलकं, मंगळवारी अमळनेरच्या मंगळग्रह मंदिराकडे जी गर्दी असते त्यातून डाव्या पायाला त्रास न होता निघतो. इंजिनचा आवाज नाही म्हणून सुरुवातीला चालू गाडीला परत चावी... म्हणजे बटण दाबायचो. पारोळ्याहून धुळ्याकडे किंवा जळगावकडे हायवेला 80-90 ला मस्त बसते. फागणे ते तरसोद चौपदरीच्या कामात वर्षानुवर्षं डिझायरची खालची बाजू कुठे ना कुठे घासायची, हिला खालून अजून काही लागलेलं नाही, शेतात जायच्या गाडवाटेवर मधला गवताचा पट्टा तेवढा घासतो.

पण बहीण संभाजीनगरला असल्यामुळे आमचं जाणं-येणं भडगाव, चाळीसगाव करून कन्नड घाटाने, आणि तिथे डिझायरची आठवण येते. या वर्गातल्या 1.2 पेट्रोलला टॉर्क 115 च्या आसपास, म्हणजे जुन्या डिझेलच्या जेमतेम 60 टक्के, आणि तो पण इंजिन ओरडायला लागलं की मिळतो. पाच माणसं, डिकीत दादर ज्वारीची गोणी, एसी चालू, अशा वेळी तिसऱ्यावर वळण घेतलं की गाडी दम टाकते, दुसरा टाकायचा आणि 3500-4000 आरपीएमला ठेवायची, मग चढते. डिझायर तिसऱ्यावर गप्पा मारत चढायची. 2023 पासून घाटात जड वाहनांना बंदी आहे म्हणून बरं, ट्रकच्या मागे अडकून ओव्हरटेक काढायची वेळ येत नाही. हिल होल्ड मात्र भारी, चढावर थांबून निघताना गाडी मागे येत नाही, हँडब्रेकची कसरत संपली. ज्यांचं घाटातच जास्त फिरणं आहे त्यांनी टर्बो पेट्रोल बघावी, मायलेज थोडं जाईल.

मायलेजचं स्पष्ट लिहितो कारण लोक फेकतात. हायवेला एसी लावून 16-17, गावात 12-13, सरासरी 15 धरा. डिझायर म्हातारी होऊनसुद्धा 18 द्यायची. 2025 ला पेट्रोल आपल्याकडे 105 च्या आसपास होतं, डिझेल 91, म्हणजे आधी किलोमीटरला 5 रुपये जायचे ते आता 7 जातात. महिन्याला हजार किलोमीटर असेल तर 2000 चा फरक. पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलचा पण हात आहे त्यात. इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी, त्यामुळे 20 टक्के मिसळलं की कागदावर सहा-सात टक्के ऊर्जा कमी होते. गाडी ई 20 ला (20 टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलला) चालणारी आहे म्हणून पाइप, रबर खराब व्हायची भीती नाही. माझं रनिंग फार नाही म्हणून चालून जातं, महिन्याला दोन-अडीच हजार किलोमीटर पळणाऱ्याने हिशोब करूनच पेट्रोलच्या नादी लागावं.

एसीला दहापैकी नऊ. मे महिन्यात दुपारी कोर्टाच्या बाहेर उन्हात उभी केलेली गाडी उघडली की आधी चारी काचा खाली, दोन मिनिटं चालवून गरम हवा बाहेर, मग काचा वर, पाच-सात मिनिटात थंड. मागे एसीच्या जाळ्या आहेत, नाना पहिल्यांदा म्हणाले "जरा कमी कर". वायरलेस चार्जर मात्र उन्हाळ्यात नुसता शोभेचा, मोबाईल तापतो आणि चार्जिंग आपोआप बंद पडतं, आपली साधी वायर बरी. पावसाळ्यात मागचा कॅमेरा आपल्या काळ्या मातीपुढे हात टेकतो. शेतातून निघून डांबरीवर येईपर्यंत त्याच्यावर असा लेप बसतो की स्क्रीनवर नुसता चॉकलेटी अंधार. दारात पाण्याची बाटली आणि फडकं ठेवलंय, रिव्हर्स घ्यायच्या आधी उतरून पुसतो, लोक हसतात, हसू दे.

डिकीबद्दल एक तक्रार. डिझायरपेक्षा जागा दिसायला मोठी, पण तोंड उंचावर आहे. गोणी आधी मांडीपर्यंत, मग कमरेपर्यंत उचलायची, मग आत खोलात सोडायची, काढताना परत तेच. बंपरवर ओरखडे ठरलेले, मी जाड रबराची पट्टी चिकटवली. थंडी सुरू झाली की भरताची वांगी आणि ती भाजायच्या तुरखाट्या (तुरीच्या वाळक्या काड्या) न्यायला हीच गाडी, तेव्हा खाली जुनं पोतं टाकायला विसरू नका, कार्पेटमध्ये घुसलेल्या काड्या हाताने वेचाव्या लागतात.

सर्विसला अजून काही त्रास नाही. दुसऱ्या फ्री सर्विसला लेबर फ्री असतं, पण बिलात एसी डिसइन्फेक्शन, इंजिन ड्रेसिंग असलं काय काय घुसवतात, जॉब कार्डवर सही करायच्या आधी वाचा आणि नको ते खोडायला लावा. खोडतात, काही बोलत नाहीत.

राहिलं जीएसटीचं. आम्ही पाडव्याला घेतली आणि 22 सप्टेंबरला या साइजच्या गाड्यांवरचा कर सेससकट 29 वरून 18 टक्के झाला. आमच्या गाडीवर जवळपास 80 हजाराचा फरक, वर तेवढ्या रकमेवरचा रोड टॅक्स पण कमी. गल्लीत जो भेटेल तो आधी "कितलाले पडनी रे भो?" विचारतो आणि मग मुद्दाम नवी किंमत सांगतो. शेजारच्यांनी दसऱ्याला हीच गाडी घेतली, पण नव्या स्वस्त झाल्या तशा जुन्या पण उतरल्या, त्यांच्या आमच्याच वयाच्या गाडीला एक्स्चेंजमध्ये लाख पण नाही आला. तरी ते फायद्यातच आहेत, नाही म्हणत नाही. त्यांना मी एवढंच सांगितलं होतं की 29 सी भरल्याची कॉपी हातात आल्याशिवाय दुसरी चावी द्यायची नाही. त्यांनी नाही दिली, दोन दिवस शोरूमचे फोन येत राहिले, तिसऱ्या दिवशी कॉपी आली.