कुमारांची जागतिक आइस हॉकी स्पर्धा: तळाचा सामना चुकवू नये

२० वर्षांखालील मुलांची जागतिक आइस हॉकी अजिंक्यपद स्पर्धा साधारणपणे नाताळच्या दुसऱ्या दिवशी सुरू होते आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात संपते, म्हणजे आपल्या कोकणात आंब्याला मोहोर येत असतो आणि गावोगावी कबड्डीची मैदाने आखली जात असतात नेमक्या त्याच दिवसांत. गुहागर तालुक्यातील एका क्रीडा मंडळाच्या कुमार संघाबरोबर काम करताना ही स्पर्धा मी पाहू लागलो. प्रेक्षक म्हणून आणि गावच्या स्पर्धा भरवणाऱ्यांपैकी एक म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते. माझे मत आरंभीच सांगतो: कुमार खेळाडूंसाठी इतक्या विचाराने आखलेली रचना मी दुसऱ्या खेळात पाहिलेली नाही, आणि तिचे मोल समजून घ्यायचे असेल तर सुवर्णपदकाच्या सामन्याइतक्याच आवडीने तळाच्या दोन संघांचा सामना पाहिला पाहिजे.

ही स्पर्धा १९७७ पासून अधिकृतपणे भरते. अव्वल विभागात १० संघ असतात आणि त्यांचे पाच-पाच संघांचे दोन गट पाडलेले असतात. साखळी सामने संपले की प्रत्येक गटातील पहिले चार संघ उपांत्यपूर्व फेरीत जातात, तर दोन्ही गटांतील शेवटचे संघ एकमेकांशी खेळतात. त्या सामन्यात हरणारा संघ पुढच्या वर्षी पहिल्या विभागाच्या अ गटात उतरतो आणि त्या गटाचा विजेता त्याची जागा घेतो. अव्वल विभागाच्या खाली पहिला, दुसरा आणि तिसरा असे विभाग आहेत. पहिल्या आणि दुसऱ्या विभागाचे पुन्हा अ आणि ब असे गट केलेले आहेत. तेथे सहा संघ परस्परांशी एकेकदा खेळतात, पहिला येणारा वर चढतो आणि सहावा येणारा खाली उतरतो. आइसलँड, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका अशा देशांची मुले, जेथे या खेळाला मोठी परंपरा नाही, तीही याच व्यवस्थेचा भाग असतात आणि नियमानुसार त्यांच्यासाठी कॅनडा-स्वीडनपर्यंतची वाट मोकळी असते. १८ वर्षांखालील मुलांची स्पर्धा १९९९ पासून अशाच बढती-घसरणीच्या पद्धतीने भरते, आणि ती एप्रिलमध्ये असल्यामुळे परीक्षा आटोपलेल्या मुलांना निवांतपणे पाहता येते.

आपल्याकडे बढती आणि घसरण ही कल्पना अगदीच अपरिचित नाही, कारण रणजी करंडकात एलिट आणि प्लेट गटांमध्ये संघांची ये-जा होते. परंतु वयोमर्यादा असलेल्या स्पर्धेत या कल्पनेला जे वेगळे वजन येते त्याकडे आपल्या क्रीडालेखनात फारसे कोणी लक्ष दिलेले दिसत नाही. २०२५ च्या स्पर्धेत २००५ मध्ये किंवा त्यानंतर जन्मलेलीच मुले खेळू शकत होती. याचा अर्थ असा की, जो मुलगा वयोगटाच्या शेवटच्या वर्षी जिवाचे रान करून आपल्या देशाला वरच्या विभागात नेतो, तो स्वतः त्या विभागात एकही सामना खेळत नाही. त्याने मिळवलेली जागा त्याच्यामागून येणाऱ्या तुकडीला मिळते. घसरणीचेही तसेच आहे. शेवटच्या सामन्यात हरलेल्या संघातील थोरली मुले पुढच्या वर्षी प्रौढ संघांत गेलेली असतात आणि खालच्या विभागात जाऊन पुन्हा वर येण्याचे काम धाकट्यांच्या वाट्याला येते. तळाच्या सामन्यातील खेळाडूंच्या देहबोलीत ही जाणीव मला स्पष्ट दिसते, आणि म्हणूनच पदकाशी काहीही संबंध नसलेला तो सामना मला सर्वांत मोलाचा वाटतो.

अलीकडची दोन उदाहरणे पुरेशी आहेत. २०२४ मध्ये स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे जर्मनी आणि नॉर्वे यांच्यातील तळाचा सामना जादा वेळेत गेला आणि जर्मनीने तो ५-४ असा जिंकला. पुढच्या वर्षी कॅनडातील ओटावा येथे जर्मनीवर पुन्हा तीच पाळी आली, समोर कझाकस्तान होता, सामना पुन्हा जादा वेळेत गेला आणि जर्मनी ४-३ अशी तरली. दोन वर्षे लागोपाठ एकेका गोलावर या देशाच्या पुढच्या तुकडीचे भवितव्य ठरले.

लातव्हियाची वाटचाल मात्र सविस्तर सांगितलीच पाहिजे, कारण या रचनेचा सर्वांत चांगला पुरावा तीच आहे. या देशाची लोकसंख्या सुमारे १९ लाख आहे. २०११ च्या जनगणनेनुसार एकट्या रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाखांवर होती, यावरून त्याचा आवाका लक्षात यावा. डिसेंबर २०२१ मध्ये सुरू झालेली स्पर्धा कोरोनाच्या संसर्गामुळे काही दिवसांतच थांबवावी लागली आणि ऑगस्ट २०२२ मध्ये कॅनडातील एडमंटन येथे ती नव्याने खेळवण्यात आली. मधल्या काळात युक्रेनवरील आक्रमणामुळे रशिया आणि बेलारूस यांना बाहेर ठेवण्यात आले होते आणि रशियाच्या रिकाम्या जागी लातव्हियाला बोलावले गेले. त्या संघाने चेक संघाला हरवले, उपांत्यपूर्व फेरी गाठली आणि तेथे स्वीडनकडून केवळ एका गोलाने पराभव पत्करला. २०२३ मध्ये हाच देश पुन्हा तळाला आला, परंतु ऑस्ट्रियाला हरवून त्याने आपली जागा राखली. ती जागा राखली गेली म्हणूनच डिसेंबर २०२४ मध्ये ओटावात यजमान कॅनडासमोर उभे राहण्याची संधी लातव्हियाच्या मुलांना मिळाली, आणि त्या सामन्यात गोलरक्षक लिनार्ड्‌स फेल्डबर्ग्‌सने ५५ फटके अडवले, सामना शूटआउटपर्यंत (बरोबरी सुटावी म्हणून एकेका खेळाडूने गोलरक्षकासमोर एकट्याने घ्यायचे फटके) गेला आणि लातव्हियाने ३-२ असा विजय मिळवला. २०२३ मध्ये ऑस्ट्रियाविरुद्धचे सामने ज्यांनी बिनमहत्त्वाचे म्हणून सोडून दिले असतील, त्यांना या विजयाचे मूळ कळणार नाही.

आमच्या भागातील कुमार कबड्डीच्या बहुतेक स्पर्धा बाद पद्धतीने होतात. एखाद्या वाडीचा संघ वर्गणी काढून टेम्पो ठरवतो, घाट उतरून दुसऱ्या तालुक्यात जातो, रात्री उशिरा त्याचा पुकारा होतो आणि एक सामना हरला की मुले परत टेम्पोत बसतात. त्या मुलांना शिकायला काय मिळाले, हा प्रश्न आयोजक म्हणून मला सतत पडतो. जागतिक आइस हॉकीच्या खालच्या विभागात प्रत्येक संघाला पाच सामन्यांची खात्री असते आणि पाचव्या सामन्यापर्यंत चढण्याचा किंवा उतरण्याचा प्रश्न बहुधा जिवंत राहतो. गुणांची पद्धतही त्याला पूरक आहे: ठरलेल्या ६० मिनिटांत जिंकणाऱ्याला ३ गुण, जादा वेळेत किंवा शूटआउटवर जिंकणाऱ्याला २, आणि तेथपर्यंत झुंजून हरणाऱ्यालाही १ गुण मिळतो. दुबळ्या संघाला बरोबरीपर्यंत टिकून राहण्याचे काही मोल मिळावे, ही दृष्टी मला फार आवडते. आपल्या तालुक्यातील संघांचे दोन गट करून, प्रत्येक गटात साखळी खेळवून, दर वर्षी एका संघाची अदलाबदल करणे मुळीच अवघड नाही; त्यासाठी बक्षिसाची रक्कम थोडी कमी करून मुलांच्या राहण्या-जेवण्यावर खर्च करण्याची तयारी मात्र हवी.

स्पर्धेतील उणिवाही गंभीर आहेत. पहिली म्हणजे अव्वल विभागाचा तळ आणि माथा यांतील अंतर. डिसेंबर २०१८ मध्ये व्हँकुव्हर येथे कॅनडाने डेन्मार्कला १४-० असे हरवले, आणि त्या स्पर्धेअखेर डेन्मार्कची घसरण झाली. असे सामने कुमार खेळाडूंना काही शिकवतात असे मला वाटत नाही. दुसरी उणीव अशी की वर चढलेला संघ बरेचदा एकाच वर्षात खाली येतो: २०२४ मध्ये नॉर्वे आणि २०२५ मध्ये कझाकस्तान हे दोघेही नुकतेच वर आलेले होते. पूर्वी तळाच्या दोन संघांत तीनपैकी दोन सामने जिंकण्याची मालिका होत असे. २०२० मध्ये कझाकस्तानविरुद्ध एक सामना गमावूनही जर्मनीला सावरता आले ते त्यामुळेच. आता एकाच सामन्यावर निकाल लागतो. त्यातील थरार मान्य करूनही मला जुनी मालिका अधिक न्याय्य वाटते, कारण मुलांना एका वाईट रात्रीनंतर उभे राहण्याची संधी मिळायला हवी.

तिसरी गोष्ट रचनेची नव्हे, निर्णयाची आहे. कोरोनाच्या काळात, २०२१ मध्ये, अव्वल विभागाची स्पर्धा एडमंटन येथे प्रेक्षकांविना पार पडली, तर खालच्या सर्व विभागांच्या स्पर्धा रद्द झाल्या. त्या वर्षी कोणी चढले नाही आणि कोणी उतरलेही नाही. आरोग्याचा विचार करता दुसरा मार्ग नव्हता हे मान्य आहे, तरीही खालच्या विभागांतील २००१ साली जन्मलेल्या मुलांचे वयोगटातील शेवटचे वर्ष त्यात वाया गेले आणि त्याची भरपाई पुढे कोणालाही करता आली नाही. वयोगटातील स्पर्धा रद्द करताना आपण एका तुकडीची संधी कायमची काढून घेतो, ही बाब आपल्या शालेय स्पर्धांच्या संयोजकांनीही ध्यानात घ्यावी अशी आहे.

आता प्रत्यक्ष पाहण्याविषयी. लहान मोबाइलच्या पडद्यावर हा खेळ सुरुवातीला समजत नाही, कारण रबरी चकतीचा व्यास अवघा ७.६ सेंटिमीटर असतो आणि ती डोळ्यांना दिसण्याआधीच पुढे गेलेली असते. नवख्या प्रेक्षकाने चकतीमागे न धावता खेळाडूंच्या मांडणीकडे पाहावे. आमच्या मंडळाच्या खोलीत मोठ्या पडद्यावर पाहायला लागल्यापासून मुलांना खेळ पटकन कळू लागला. विशेषतः नियमभंगाबद्दल खेळाडूला दोन मिनिटे बाहेर बसवतात आणि तेवढा वेळ त्याचा संघ एका गड्याने कमी खेळतो, हे त्यांना समजावून सांगावे लागले नाही, कारण कबड्डीतील पिवळ्या कार्डाचा अनुभव त्यांच्या अंगवळणी आहे. सामना संपल्यावर दोन्ही संघ बर्फावर रांगेने उभे राहतात आणि जिंकलेल्या देशाचे राष्ट्रगीत वाजते. हा प्रघात खालच्या विभागांतही त्याच गांभीर्याने पाळला जातो आणि आमची मुले तेव्हा आपोआप शांत होतात.

वेळेचे गणित यजमान देशावर अवलंबून असते. स्पर्धा ओटावासारख्या शहरात असेल तर तेथील संध्याकाळी साडेसातचा सामना आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला सुरू होतो, आणि लातव्हियाने कॅनडाला हरवले तो सामना आपल्याकडे २८ डिसेंबरच्या अशाच सकाळी झाला. युरोपात असेल तर दुपारचे सामने आपल्या संध्याकाळी आणि रात्रीचे मध्यरात्री येतात, त्यामुळे शाळकरी मुलांसाठी दुपारचेच सामने योग्य. खालच्या विभागांचे सामने इंटरनेटवर पाहायला मिळतात, परंतु त्यांत अनेकदा एकच कॅमेरा असतो, हुकलेला क्षण पुन्हा दाखवला जात नाही आणि समालोचन असले तर स्थानिक भाषेत असते. माझी त्याबद्दल तक्रार नाही. उलट प्रशिक्षकाला एकाच कॅमेऱ्यातून संपूर्ण मैदान दिसणे उपयोगाचे ठरते. डोंगराच्या कुशीतील वाड्यांमध्ये रेंज जाते ही अडचण मात्र खरी आहे, आणि अशा वेळी आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाच्या संकेतस्थळावरील गुणतक्ते आणि सामन्यांचे तपशीलवार अहवाल वाचून दुधाची तहान ताकावर भागवावी लागते. ते अहवाल विनामूल्य असून त्यांची मांडणी अतिशय काटेकोर आहे.

भारत १९८९ पासून या महासंघाचा सदस्य आहे आणि लडाखमधील गोठलेल्या तळ्यांवर खेळत मोठ्या झालेल्या मुलींच्या जोरावर आपल्या महिला संघाने २०२५ मध्ये संयुक्त अरब अमिरातींतील अल-ऐन येथील आशिया चषकात कांस्यपदक मिळवले. आपली मुले तिसऱ्या विभागाच्या तळापासून सुरुवात करताना पाहण्याची माझी मनापासून इच्छा आहे. स्लोव्हेनियाचा अंझे कोपितार कुमार वयात खालच्याच विभागात खेळला आणि पुढे २०१२ आणि २०१४ असा दोनदा उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक आइस हॉकीचा स्टॅनले चषक जिंकणाऱ्या लॉस एंजेलिसच्या संघात अग्रभागी होता, तेव्हा खालून सुरुवात करण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

ज्यांना ही स्पर्धा प्रथमच पाहायची आहे, त्यांनी अव्वल विभागाचे साखळी सामने चाळत तळाच्या दोन संघांवर लक्ष ठेवावे, त्यांचा परस्परांतील सामना पूर्ण पाहावा आणि नंतर पहिल्या विभागाच्या अ गटातून कोण वर येते ते तपासावे. कुमार संघांच्या प्रशिक्षकांनी तर तो सामना आपल्या मुलांबरोबर बसूनच पाहावा, आणि पुढच्या हंगामाचे वेळापत्रक ठरवण्याच्या बैठकीपूर्वी पाहावा.