इटलीच्या लेकी: मिलानहून एका दिवसात कोमो, माज्जोरे की गार्दा?

मिलानला राहायला आल्यापासून दर उन्हाळ्यात एक मेसेज येतोच. "दोघी येतोय, एक दिवस मोकळा आहे, कुठला लेक करू?" विचारणारीने फोटो पाहिलेले असतात आणि फोटोंत सगळे लेक जुळ्या बहिणींसारखे दिसतात: निळं पाणी, मागे डोंगर, काठावर पिवळी-केशरी घरं. फरक कळतो तो ट्रेनमधून उतरल्यावर. स्टेशनपासून पाणी किती लांब आहे, धक्क्यावर पोचल्यावर बोट लगेच मिळते का, आणि मग संध्याकाळपर्यंत दोघींनी करायचं काय, यावर तो दिवस जमतो किंवा फसतो.

गेल्या जूनमध्ये माझी शाळेपासूनची मैत्रीण रत्नागिरीहून आठवडाभर राहायला आली होती. गाडी भाड्याने न घेता, फक्त ट्रेन आणि बोट धरून आम्ही तिन्ही लेक तीन वेगळ्या दिवशी केले. आमचं सगळीकडे एकमत झालं नाही. जिथे झालं नाही तिथे तिची बाजूही सांगते.

कोमो: तिकीट कोमोचं काढू नका

नकाशात हा लेक पाय फाकवून उभ्या राहिलेल्या माणसासारखा दिसतो. एका पावलाशी कोमो शहर, दुसऱ्या पावलाशी लेक्को, आणि दोन्ही पाय जुळतात तिथे बेलाज्जो. तुम्ही पाहिलेले बहुतेक फोटो या मधल्या भागाचे असतात. नाव ऐकून लोक कोमो शहराचं तिकीट काढतात आणि तिथून साध्या बोटीने बेलाज्जो गाठायला दोन तास लागतात हे धक्क्यावर पोचल्यावर कळतं.

मधला भाग हवा असेल तर उतरायचं वारेन्नाला. मिलान सेंत्राले स्टेशनवरून तासाभराचा प्रवास. स्टेशनवरच्या बोर्डावर वारेन्ना शोधू नका, तिरानो नाहीतर सोन्द्रिओ शोधा, कारण गाडीला नाव शेवटच्या स्टेशनचं असतं. आणि वारेन्नाच्या स्टेशनची पाटीही 'वारेन्ना-एसीनो-पेर्लेदो' अशी लांबलचक आहे. जाताना डाव्या खिडकीशी बसा. लेक्को सुटलं की बोगदा, पाणी, बोगदा, पाणी असा खेळ सुरू होतो. मैत्रीण म्हणाली, "कर्जत-लोणावळ्यासारखंच आहे की गं, फक्त दरीच्या जागी तळं." वडेवाला नाही, हा फरक मी जोडला.

स्टेशनवरून उतारावर दहा मिनिटं चाललं की फेरीचा धक्का. बेलाज्जोला पंधरा मिनिटांत पोचता, पलीकडे मेनाज्जोलाही जवळपास तेवढ्यातच. जागा मोक्याची आहे ती एवढ्यासाठीच. एक बोट चुकली तरी दुसरी लवकर येते, तोवर काठावर पाय सोडून बसायचं.

बेलाज्जो सुंदर आहे, महाग आहे, आणि गुडघे दुखत असतील तर त्रासाचं आहे. तिथल्या गल्ल्या म्हणजे दगडी जिनेच. दोन तास पुरतात. उरलेला वेळ वारेन्नाला द्या. लाल कठड्याची, पाण्याला चिकटून जाणारी पायवाट आहे, आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला व्हिला मोनास्तेरो. हा मूळचा जोगिणींचा मठ, आता काठाने लांबच लांब पसरलेली बाग. १९५३ पासून इथे एन्रिको फर्मींच्या नावाची भौतिकशास्त्राची उन्हाळी शाळा भरते. एवढं पाणी समोर असताना फळ्याकडे कोण बघत असेल, देव जाणे.

जेवणाचा किस्सा सांगायलाच हवा. मेनूवर 'मिस्सोल्तीनी' असा शब्द होता. ताटलीत आले ते चपटे, तपकिरी, निखाऱ्यावर भाजलेले मासे, बाजूला पोलेंता. मैत्रिणीने वास घेतला आणि खुर्चीत सरळ बसली. "अगं, हे तर आपलं सुकं!" होतंच ते. या लेकमधला आगोने नावाचा मासा मिठात मुरवतात, उन्हात वाळवतात आणि मग डब्यात तमालपत्रासारख्या पानांच्या थरांमध्ये दाबून ठेवतात. पोलेंता म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड. सुक्या बांगड्यावर वाढलेल्या बाईला सात समुद्रापार उकड आणि सुकं मिळालं, मग तिला व्हिला-बिला कुठला आठवतोय! शाकाहारी असाल तर पित्झोक्केरी मागा. कुट्टूच्या पिठाचा पास्ता, त्यात बटाटा, कोबी, चीज आणि सढळ हाताने लोणी. दोघींत एक प्लेट पुरे, नाहीतर दुपारी बागेतल्या बाकावर डुलक्या ठरलेल्या.

दीपिका-रणवीरचं २०१८ मधलं लग्न झालं तो व्हिला देल बाल्बिआनेल्लो याच लेकवर, पलीकडच्या काठाला लेन्नोजवळ आहे. जाता येतं, पण मग बेलाज्जोवर पाणी सोडावं लागतं. एका दिवसात दोन्ही करायला गेलात तर दिवस बोटींच्या रांगांतच जाईल.

गर्दीबद्दल मात्र स्पष्ट सांगते. जुलै-ऑगस्टच्या रविवारी संध्याकाळी वारेन्नाचा एवढासा फलाट दादर होतो. गाडी वरच्या स्टेशनांवरूनच भरून येते, त्यामुळे मिलानपर्यंत उभं राहायची तयारी ठेवा. शक्य असेल तर मंगळवार-बुधवार धरा.

माज्जोरे: बघायला काहीतरी हवं असेल तर

स्त्रेझाला जाणारी गाडी दोमोदोस्सोलाच्या दिशेची. साध्या गाडीने तास-सव्वा तास, स्वित्झर्लंडला जाणारी युरोसिटी मिळाली तर तासाच्या आत. इथे बसायचं उजव्या खिडकीशी. पाणी आरोना आल्यावरच दिसतं, तोवर कारखाने आणि गोदामं. प्रवास म्हणून ही ट्रेन वारेन्नाच्या जवळपासही येत नाही.

स्त्रेझाचा किनारा सपाट, रुंद, जुन्या भव्य हॉटेलांचा. आईला किंवा व्हीलचेअर वापरणाऱ्या कुणाला घेऊन येणार असाल तर फिरायला हा काठ तिन्हींत सगळ्यात सोपा. मात्र इथे येतात ते समोरच्या बोर्रोमेओ घराण्याच्या बेटांसाठी.

धक्क्याशी पोचण्याआधीच टोपीवाले काका तुम्हाला अडवतील. ते खाजगी मोटरबोटवाले. फसवतात असं नाही, पण त्यांचं तिकीट सरकारी बोटीवर चालत नाही आणि सरकारी तिकीट त्यांच्याकडे चालत नाही. आम्ही घाईत खाजगी काढलं आणि एका बेटावर आमची बोट येईपर्यंत, समोरून सरकारी बोट जाताना बघत, अर्धा तास उन्हात उभ्या राहिलो. एकदा ठरवा आणि दिवसभर तेच धरा.

ईझोला बेल्ला म्हणजे एक खडक, ज्यावर १६३२ पासून महाल बांधत गेले. नाव तिसऱ्या कार्लो बोर्रोमेओच्या बायकोचं, इझाबेल्लाचं. तळमजल्यावर गुहेसारख्या खोल्या आहेत, भिंतींपासून छतापर्यंत बारीक खडे बसवलेल्या. ही उन्हाळ्यात गारव्याला बसायची सोय. बाहेर चाळीस डोकी घामाघूम होती आणि आत आल्यावर कोकणातल्या माजघरासारखं वाटलं. १९३५ च्या एप्रिलमध्ये ब्रिटन, फ्रान्स आणि इटलीचे प्रमुख हिटलरला आवर कसा घालायचा हे ठरवायला याच महालात बसले होते. मागे दहा टप्प्यांची बाग आणि तिच्यात पांढरे मोर. मोर पांढरा असला की तो रुबाबदार कमी आणि लग्नाला निघालेला जास्त दिसतो, हे आमचं दोघींचं एकमत.

बहुतेक लोक ईझोला बेल्ला आणि कोळ्यांचं बेट करून परततात. तिसरं, ईझोला माद्रे, सोडू नका. तिथे महालासमोर काश्मीर सायप्रसचं एक प्रचंड झाड आहे. त्याचं बी हिमालयातून १८६२ मध्ये आलं. २००६ च्या वादळात झाड मुळासकट आडवं झालं, तेव्हा ते परत उभं केलं आणि चारी बाजूंनी पोलादी तारांनी ताणून बांधलं. आजही ते त्या तारांच्या आधाराने उभं आहे. खाली झुकलेल्या निळसर फांद्यांखाली मैत्रीण बराच वेळ थांबली. तिच्या आंगणातला फणस चक्रीवादळात गेला होता. "आम्ही तोडून लाकडं केली," एवढंच म्हणाली.

खर्च इथे दुप्पट धरा. वारेन्नाला ट्रेन आणि फेरी मिळून माणशी २५-३० युरोंत दिवस होतो, जेवण वेगळं. स्त्रेझाला बोट आणि महालाचं तिकीट धरून ५०-६० च्या घरात जातं. शिवाय महाल हिवाळ्यात बंद असतात. नोव्हेंबर ते मार्चच्या मध्यापर्यंत स्त्रेझाला जाण्यात अर्थ नाही.

गार्दा: वाटेत पडत असेल तर

गार्दा सगळ्यांत मोठा, साधारण ३७० चौरस किलोमीटर. दक्षिणेला तो इतका रुंद आहे की पलीकडचा काठ धुरकट होतो. "हा लेक नाही, ही खाडी आहे," हा रत्नागिरीचा निकाल. डोंगर कुशीत घेऊन बसलेलं पाणी हवं असेल तर ते उत्तर टोकाला रीव्हाकडे आहे, आणि तिथे ट्रेन जात नाही.

देसेन्झानो हे स्टेशन मिलान-व्हेनिस लाइनवर. वेगवान गाडीने पाऊण तास ते तास, साध्या गाडीने सव्वा तासाच्या पुढे. पण स्टेशनवरून धक्का पंधरा मिनिटं, मग सिर्मिओनेची बोट किंवा बस. म्हणजे 'पोचलो' असं वाटायला सकाळचे साडेअकरा होतात. पुढचं स्टेशन पेस्किएरा. तिथे पाणी स्टेशनपासून अगदी जवळ आहे आणि व्हेनिसवाल्यांनी बांधलेला तटबंदीचा गाव आहे. नुसतं निवांत बसायचं असेल तर सिर्मिओनेपेक्षा मी पेस्किएरा घेईन.

सिर्मिओने म्हणजे पाण्यात घुसलेली बारीक जीभ. तोंडाशी स्कालिजेरी घराण्याचा किल्ला, ज्याचा खंदक म्हणजे लेकचंच पाणी. आत शिरल्यावर पहिली पाचशे पावलं आइस्क्रीमच्या दुकानांची, तिथे चिडू नका. टोकापर्यंत चालत जा. तिथे ऑलिव्हच्या बागेत एका अवाढव्य रोमन व्हिलाचे अवशेष आहेत, नाव 'कातुल्लोच्या गुहा'. त्या गुहा नाहीत, आणि तो व्हिला कातुल्लुस कवीचा होता असंही नाही. पण त्याने सिर्मिओनेला घरी परतण्यावर कविता लिहिली आहे ही गोष्ट खरी.

गार्दासाठी मुद्दाम मिलानहून येऊन परत जाणं मला पटत नाही. तुम्ही वेरोना किंवा व्हेनिसला जाणारच असाल, तर मात्र वाटेत चार-पाच तास उतरायला याच्यासारखी जागा नाही.

आणि एक चौथी

इझेओचं नाव कुणी विचारत नाही, म्हणून मीच सांगते. ब्रेशाला गाडी बदलून सुल्झानोला उतरायचं, रस्ता ओलांडला की धक्का, आणि काही मिनिटांत मोन्ते इझोला. बेटावर खाजगी मोटारी नाहीत. २०१६ च्या उन्हाळ्यात क्रिस्तो या कलाकाराने या पाण्यावर केशरी-पिवळ्या कापडाचा तरंगता रस्ता अंथरला होता आणि सोळा दिवस लोक लाटांवरून चालले होते. आता तिथे शांतता आहे. ऑगस्टचा रविवार हा एकच दिवस हाताशी असेल तर वारेन्नाऐवजी इथे जा.

तिकिटांचं थोडक्यात. साध्या गाड्यांचे दर ठरलेले असतात, आधी काढून स्वस्त पडत नाही, सीट नंबरही नसतो. कागदी तिकिटावर फलाटाजवळच्या मशीनमध्ये शिक्का मारून घ्यायला विसरू नका, शिक्का नसलेल्या तिकिटाला दंड होतो. वेगवान गाड्यांचं उलट आहे, जितकं आधी तितकं स्वस्त. संपाची बातमी आदल्या रात्री बघाच. कामाच्या दिवशी संप असला तरी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळात ठरावीक गाड्या सोडाव्याच लागतात, तेवढ्यात जाणं-येणं बसवता येतं.

मी पहिल्यांदा येणाऱ्या दोघींना आठवड्याच्या मधल्या दिवशी वारेन्ना सांगते. मैत्रीण स्त्रेझा सांगेल. तिच्या मते वारेन्नाला आपण 'बसून आलो' आणि स्त्रेझाला 'बघून आलो', आणि एवढं तिकीट काढून आल्यावर बघायला हवं. तुमच्यातली एक बसणारी आणि एक बघणारी असेल तर ट्रेनमध्ये चढण्याआधी भांडून घ्या.

आणि वारेन्नाच ठरलं तर सहाची परतीची गाडी धरू नका. दिवसाच्या सहली सहापर्यंत निघून जातात. साडेसातला धक्क्यावर आम्ही दोघी, एक गळ टाकून बसलेले आजोबा आणि एक मांजर एवढेच उरलो होतो. मांजराला मिस्सोल्तीनीचं एक डोकं मिळालं. आठनंतरच्या गाडीत बसायला जागाही मिळाली.