बेणारे मूल का ठेवते? : ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ची संहिता विकत घ्यावी का

हे नाटक बसवायला घेतलं की बहुतेक गटांत पहिली चर्चा एकाच गोष्टीवर होते : तिसऱ्या अंकातलं स्वगत कोण करणार? साहजिक आहे. पण ज्या प्रश्नावर नाटक उभं आहे, म्हणजे लग्न न झालेली शिक्षिका बेणारे पोटातलं मूल का ठेवते, त्याचं अर्धंअधिक उत्तर स्वगताच्या आधीच येऊन गेलेलं असतं. तेही दुसऱ्यांच्या तोंडून, आणि ते दुसरे तिच्या बाजूचे नाहीत. म्हणून विजय तेंडुलकरांची ही संहिता प्रयोगाचं रेकॉर्डिंग पाहून भागवू नये. पुस्तक हातात हवं, सोबत पेन्सिल हवी.

नाटक १९६३ मध्ये लिहिलं गेलं आणि १९६७ मध्ये ‘रंगायन’ या नाट्यसंस्थेने अरविंद देशपांड्यांच्या दिग्दर्शनात रंगमंचावर आणलं. बेणारे होत्या सुलभा देशपांडे. ही सालं लक्षात ठेवायची ती कायद्यासाठी. वैद्यकीय गर्भपाताचा कायदा १९७१ चा, अंमल १९७२ पासून. त्याआधी भारतीय दंडविधानाचं कलम ३१२ होतं : आईचा जीव वाचवण्याचं कारण नसेल तर गर्भपात हा गुन्हा, आणि त्यात बाईलाही शिक्षा. म्हणजे बेणारेपुढे रीतसर मार्ग जवळपास नव्हताच. चोरून गर्भपात, विष, कुणाशी तरी लग्न किंवा एकटीने मूल वाढवणं, एवढंच उरत होतं. आजच्या दवाखान्यातला ‘निर्णय’ डोळ्यांसमोर ठेवून बेणारे वाचली की पहिली चूक तिथेच होते.

आरोपाचं कलमही नीट वाचा. नाटकात एक हौशी नाटकमंडळी वेळ घालवायला लुटुपुटूचं कोर्ट मांडते आणि त्यात आपल्यातल्याच बेणारेला आरोपी करते. हे खेळातलं कोर्ट तिच्यावर भ्रूणहत्येचा आरोप दंडविधानाच्या कलम ३०२ खाली ठेवतं. हे कलम खुनाचं. कलम २९९ च्या स्पष्टीकरणात तर स्पष्ट लिहिलं होतं की आईच्या पोटातल्या मुलाचा मृत्यू घडवणं हा मनुष्यवध नव्हे. न्यायाधीश झालेले काशीकर, वकील झालेले सुखात्मे या मंडळींना कायद्याचा आवेश आहे, कायदा येत नाही. आणि ज्या कृत्याचा आरोप ठेवला तेच कृत्य हे कोर्ट शेवटी शिक्षा म्हणून फर्मावतं. संहितेची सगळी बांधणी या एका उलट्या उडीसाठी आहे. २०२४ पासून दंडविधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता हा कायदा आला, म्हणून कुणी ३०२ बदलून १०३ म्हणायला लावेल. बदलू नका. नाटक त्याच्या काळातच राहू द्या.

आता कारणांकडे. ती चार ठिकाणी विखुरली आहेत आणि प्रत्येक ठिकाणचा पुरावा वेगळ्या वजनाचा आहे. पहिल्या अंकात बेणारे सामंतांशी, म्हणजे मंडळीबाहेरच्या स्थानिक माणसाशी, मोकळेपणाने बोलते. माझं आयुष्य माझं, माझी इच्छा माझी, असा त्या बोलण्याचा रोख. तिथे मुलाचा उल्लेख नाही, त्यामुळे वाचक हे खेळकर बडबड म्हणून सोडून देतो. शाळेतल्या चौकशीचा विषय मात्र तिथेच निघतो. या दोन गोष्टी एकमेकींशेजारी आहेत, तिथे पेन्सिलीने रेघ मारा.

दुसऱ्या अंकात मंडळीतल्या रोकडेची साक्ष आहे : प्राध्यापक दामल्यांच्या, म्हणजे मुलाच्या बापाच्या, घरी तिला पाहिलं. हे डोळ्यांनी पाहिलेलं. सामंतांची साक्ष मात्र त्यांनी हातातल्या कादंबरीतून उचललेली आहे. वाचणारे तीही घडलेली हकीकत समजून बसतात, आणि मग बेणारे दामल्यांपुढे कशी रडली असेल यावर तालमीत चर्चा झडते. ते कुठेही सिद्ध झालेलं नाही. कादंबरीतला मजकूर तिच्या परिस्थितीशी इतका जुळावा हा योगायोग लेखकाने जरा सोयीने वापरला आहे. संहितेतली मला खटकणारी जागा हीच.

मंडळीतल्याच कर्णिकची साक्ष ऐकीव आहे. कोवळ्या वयात मामावर जडलेलं प्रेम आणि त्यातून जीव द्यायचा प्रयत्न. खऱ्या कोर्टात असल्या ऐकीव पुराव्याला किंमत नसते. पण स्वगतात ती हे स्वतःच सांगते, म्हणून ते खरं धरायचं.

सगळ्यात मोलाची साक्ष पोंक्षेची, तोही मंडळीतलाच. ती त्याच्याशी थेट बोलली होती, लग्नासाठी. त्याच्या सांगण्यावरून तीन गोष्टी हाती लागतात : तिला मूल वाढवायचं आहे, मुलासाठीच तिला जगायचं आहे आणि लग्नही मुलासाठीच हवं आहे. टिक ट्वेंटी या ढेकणांच्या विषाची बाटली तिच्याजवळ असते ती याच प्रकरणात. पोंक्षे हे सगळं तिला उघडं पाडायला सांगतो, आणि नकळत तिची कारणं नोंदवून ठेवतो. नाट्यस्पर्धेची वेळ साधायला गट पहिली कात्री या साक्षीला लावतात. मग शेवटच्या स्वगतात मूल एकदम उपटतं आणि प्रेक्षकाला तो भावनेचा उमाळा वाटतो. वेळ कमी पडत असेल तर मधली हास्यविनोदाची वाक्यं कमी करा. ही साक्ष पूर्ण ठेवा.

आणि मग स्वगत. काशीकर तिला बोलायला दहा सेकंद देतात. त्या दहा सेकंदांत बाकी सगळे थिजलेले असतात आणि ती बोलते. म्हणजे हे भाषण तिथे हजर असलेल्या कुणीही ऐकत नाही. दिग्दर्शकांनी इतरांना माना हलवायला, खाली बघायला लावलं की पाया ढासळतो : ऐकूनही निकाल दिला असा अर्थ होतो. थिजवायचं तर पूर्ण थिजवा.

स्वगतातला क्रम पाठ करताना तोडू नका. आधी मामा, मग जाणतेपणी केलेलं दुसरं प्रेम, ज्याला ती बुद्धीची पूजा म्हणते. पूजेत तिने देह वाहिला, देवाने नैवेद्य घेतला आणि चालता झाला. त्यानंतर देहाचा राग, त्याच देहावरचं प्रेम, आणि मग मूल. हे मूल तिच्यासाठी त्या क्षणांचं साक्षीदार आहे. बाकीच्या साक्षींनी भरलेल्या नाटकात एवढी एकच साक्ष तिच्या बाजूची. हा देह आता त्याच्यासाठी, असं ती ठरवते. ज्या देहाने दोनदा फसवलं त्याला ती काम देते, मालक बदलते. अभिनेत्री पहिल्या वाक्यापासून रडली तर इथवर पोहोचेपर्यंत आवाज संपलेला असतो, आणि निर्णयाच्या जागी दमणूक ऐकू येते. मामाचा भाग कोरडा ठेवावा, दुसऱ्या प्रेमाच्या भागात राग यावा. ओल फक्त मुलापाशी.

पुढे ती मुलासाठी घर, बाप, नाव मागते. इथे वाचक नाराज होतात : एवढी स्वतंत्र बाई बाप कशाला मागते? मला ही तक्रार पटत नाही. शाळेत नोकरी करणाऱ्या बाईला दाखल्यावरच्या बापाच्या रकान्याची किंमत इतरांपेक्षा जास्त ठाऊक असते. महाराष्ट्रात सरकारी कागदांवर आईचं नाव बंधनकारक झालं ते १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांसाठी. त्याच्या सहा दशकं आधीची ही मागणी आहे. मूल ठेवायचं हे ती एकटी ठरवते, बाप फक्त त्याला लागणारी वस्तू म्हणून शोधते. पोंक्षेला, रोकडेला विचारते ते त्याच हिशोबाने.

सगळ्यांना ऐकू जाणारं तिचं उत्तर निकालानंतर येतं : मूल नष्ट करण्याच्या हुकमाला नकार. तिसऱ्या अंकात बराच वेळ गप्प बसलेल्या बाईचा तो आवाज आहे, त्यामुळे त्याआधीची शांतता हुंदक्यांनी भरू नका.

मुख्य पात्रं आठ, त्यांत बायका दोन, नेपथ्य एकाच हॉलचं. प्रॉपर्टीत, म्हणजे रंगमंचावरच्या वस्तूंत, तीन गोष्टींची परीक्षा आधी घ्या. दाराची कडी तालमीपासून खरी लावा, कारण सुरुवातीला तिचं बोट त्यात चेमटतं आणि पुढे तेच दार तिला अडवतं. बाटलीवरचं लेबल जुन्या धर्तीचं हवं. आणि सामंतांचा हिरवा कापडी पोपट शेवटच्या रांगेतून दिसेल एवढा मोठा करून घ्या.

सत्यदेव दुब्यांचा १९७१ चा चित्रपट आधी पाहू नये. तिथल्याही बेणारे सुलभा देशपांडेच, आणि तो आवाज एकदा कानात बसला की पानावरची बेणारे ऐकू येत नाही. पुस्तक घ्या, साक्षी वेगळ्या करून दोनदा वाचा, मग चित्रपट.

शेवटी सामंत तो पोपट तिच्याजवळ ठेवून निघून जातात. अनेक प्रयोगांत बेणारे तो उचलून कवटाळते. तिला हलवू नका. पोपट तिच्या हातापासून वीतभर दूर राहू द्या आणि प्रकाश तिथेच उतरवा.