कार्ड बनावट, आळ मात्र एम्युलेटरवर

हँडहेल्ड गेमिंग पीसी घेतला की आज ना उद्या मोठं मायक्रोएसडी कार्ड घ्यावंच लागतं. मीही घेतलं आणि त्यात फसवला गेलो. बनावट कार्डं बाजारात पूर्वीपासून आहेत. पण एम्युलेशन करणाऱ्यांच्या (म्हणजे जुन्या कन्सोलचे गेम एम्युलेटर नावाच्या प्रोग्रामवर संगणकात खेळणाऱ्यांच्या) गळ्यात ती मारणं विक्रेत्याला इतकं सोपं का जातं, हे मला त्या व्यवहारानंतर कळलं. म्हणून हे लिहितोय.

माझ्याकडे प्लेस्टेशन २ च्या मूळ डिस्क आहेत. त्या साध्या संगणकाच्या डीव्हीडी ड्राइव्हमध्येही वाचता येतात (निन्टेन्डोच्या गेमक्यूब आणि वी या कन्सोलच्या डिस्कना हे सुख नाही). डिस्कची आयएसओ (जशीच्या तशी प्रत) काढायची, सीएचडी या लहान फाइलप्रकारात आवळायची आणि कार्डावर टाकून पीसीएसएक्स२ या प्लेस्टेशन २ च्या एम्युलेटरमध्ये खेळायचं, असा बेत होता. एक डिस्क ४.७ जीबीपर्यंत असते आणि दुहेरी थराची असेल तर ८.५ जीबीपर्यंत जाते. म्हणून १ टीबीचं कार्ड मागवलं. ऑनलाइन विक्रेत्याने ‘एम्युलेशनसाठी खास तपासलेलं’ असं ठळक लिहिलं होतं. कार्ड लावलं, विंडोजने ९३१ जीबी दाखवले. १ टीबीच्या खऱ्या कार्डालाही तेवढेच दाखवतं. सुरुवातीला टाकलेले गेम झकास चालले.

दुखणं सुरू झालं ते नंतर टाकलेल्या गेमपासून. एक गेम सुरुवातीच्या चित्रफितीवरच गोठायचा, दुसरा काळ्या पडद्यापुढे सरकायचाच नाही. बुचकळ्यात टाकणारी गोष्ट अशी की कॉपी केल्या केल्या तेच गेम व्यवस्थित चालले होते. मशीन एकदा बंद करून सुरू केलं की संपलं. फोल्डरमध्ये पाहावं तर फाइल जागच्या जागी, आकारही बरोबर.

विक्रेत्याला लिहिलं. उत्तरं तत्पर आणि नम्र. “सर, रेंडरर व्हल्कन करा.” केलं, म्हणजे चित्र रंगवण्याची पद्धत बदलली. “सर, ग्राफिक्स ड्रायव्हर जुना असेल.” नवा टाकला. “सर, हा गेम पीसीएसएक्स२ वर जडच आहे.” खरी मेख इथे आहे. यातला एकही सल्ला बावळटपणाचा नव्हता. एम्युलेशनमध्ये गेम खरोखरच या कारणांनी अडतात, आणि आपल्याला सेटिंगशी झटापट करायची सवयच असते. फोटो साठवणाऱ्या माणसाचा फोटो उघडला नाही तर तो थेट कार्डाकडे बोट दाखवतो. आपण मात्र आधी बायोसवर (कन्सोल सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामवर), मग ड्रायव्हरवर, मग एम्युलेटर लिहिणाऱ्यांवर संशय घेतो. विक्रेत्याला हे पक्कं ठाऊक होतं. या चर्चेतच माल परत करायची मुदत उलटली.

मुदत उलटल्यावर त्याने ‘बायोस पॅक’ पाठवला. झिपमध्ये एक इन्स्टॉलर, आणि सोबत सूचना: आधी अँटिव्हायरस बंद करा. पीएस२ चा बायोस म्हणजे जेमतेम ४ एमबीची फाइल. ती स्वतःच्या कन्सोलमधून काढायची आणि एम्युलेटरच्या फोल्डरमध्ये ठेवायची. तिला इन्स्टॉलर कशाला हवा? ती झिप मी उघडलीच नाही. कार्ड मात्र पूर्ण रिकामं करून तपासायला घेतलं.

विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू नावाचं छोटं मोफत साधन आहे. ते रिकामं कार्ड काठोकाठ भरतं आणि लिहिलेलं पुन्हा वाचून पडताळतं. सेकंदाला २० एमबी वेग धरला तर १ टीबी नुसतं लिहायलाच जवळपास १४ तास लागतात. एवढा वेळ कोणी घालवत नाही, यावरच हा धंदा उभा आहे. माझ्या कार्डाच्या अहवालात ५८ जीबीच्या आसपास ‘ओके’, आणि उरलेल्या सगळ्यापुढे ‘डेटा लॉस्ट’. म्हणजे आत होतं ६४ जीबीचं कार्ड, वरचं लेबल १ टीबीचं.

यामागची चलाखी कार्डाच्या कंट्रोलरमध्ये, म्हणजे आतल्या नियंत्रक चिपमध्ये असते. त्याच्या फर्मवेअरला (आत पक्क्या बसवलेल्या प्रोग्रामला) खोटी क्षमता सांगायला शिकवलेलं असतं. खरी जागा संपली की पुढचं लिखाण हवेत जातं किंवा आधीच्या डेटावर चढतं, आणि तरीही कार्ड ‘लिहिलं’ असंच कळवतं. फाइलींची नावं आणि आकार यांची नोंद बहुधा सुरुवातीच्या खऱ्या भागात असते, म्हणून फोल्डर शाबूत दिसतं. आणि कॉपी केल्या केल्या गेम चालतो, कारण फाइल अजून रॅममध्येच असते. १६ जीबी रॅमच्या मशीनवर सीएचडीची एखादी फाइल सहज मावते. त्यामुळे मशीन बंद करून पुन्हा सुरू केल्याशिवाय ‘चालला’ म्हणू नका. स्टीम डेक या लिनक्सवर चालणाऱ्या हँडहेल्डवाल्यांसाठी एफ३ हे तसंच साधन आहे. त्यातला एफ३प्रोब, रिकामं कार्ड यूएसबी रीडरला लावून चालवला, तर पूर्ण कार्ड न भरताही खोटेपणा उघडा पाडतो. मुदत असतानाच चाचणी करा आणि अहवालाचा स्क्रीनशॉट जपून ठेवा.

हीच मंडळी बाजूला ‘फुल स्पीड’ एम्युलेटरच्या लायसन्स कीही विकतात. डॉल्फिन (गेमक्यूब आणि वीसाठी), पीसीएसएक्स२, आरपीसीएस३ (पीएस३ साठी) हे सगळे एम्युलेटर मोफत आणि मुक्तस्रोत आहेत. त्यांना कसलीच लायसन्स की लागत नाही. आरपीसीएस३ ला लागणारं पीएस३ चं फर्मवेअरही सोनीच्या स्वतःच्या साइटवर फुकट मिळतं. युझू हा निन्टेन्डो स्विचचा एम्युलेटर मार्च २०२४ मध्ये निन्टेन्डोशी झालेल्या तडजोडीत २४ लाख डॉलर मान्य करून बंद झाला. त्यामुळे आज त्या नावाने कोणी ‘अधिकृत प्रो आवृत्ती’ विकत असेल तर तिथून काढता पाय घ्या.

विक्रीच्या साइटने मुदतीचा नियम दाखवून हात वर केले. मग बँकेकडे व्यवहाराविरुद्ध तक्रार केली, अहवाल जोडला, आणि पैसे परत मिळाले. त्या विक्रेत्याची जाहिरात मात्र अजून तशीच आहे, खाली पाच ताऱ्यांची रांग. ते अभिप्राय खोटे असतीलच असं नाही. पहिले ५८ जीबी भरेपर्यंत कार्ड खरोखर उत्तमच चालतं. मी तिथे अहवालाचा फोटो टाकून एक तारा दिला. त्याखाली विक्रेत्याचं उत्तर आलंय: “सर, एकदा पीसीएसएक्स२ अपडेट करून पाहा.”