बुरशीनंतर पुन्हा पीडी की हिमोच बरं?

किडनी निकामी झाली की डायलिसिसचे दोन मार्ग. पीडी म्हणजे पोटात बसवलेल्या नळीतून बॅगेतलं द्रव भरून-काढून घरीच करायचं डायलिसिस, आणि हिमो म्हणजे यंत्रावर रक्त शुद्ध करून घेणं. पीडीत पोटात बुरशीचा संसर्ग झाला तर नळी ठेवायची की काढायची, हा प्रश्नच नाही. पोटातल्या पाण्याच्या कल्चर तपासणीत कॅन्डिडा ही बुरशी आली की नळी निघते. बुरशी तिच्यावर थर धरून बसते आणि औषध तिथवर नीट पोचत नाही. माझी डिसेंबरात निघाली. मग फ्लुकोनॅझोल हे बुरशीवरचं औषध, मानेत नळी आणि हिमो. प्रश्न पडतो तो पोट शांत झाल्यावर. मी दोन्ही करून पाहिलंय, म्हणून लिहितोय. शेवटचा शब्द अर्थात तुमच्या नेफ्रोचा, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांचा.

हिमोच्या बाजूनं पुष्कळ आहे. आठवड्यातून तीनदा चार-चार तास दिले की घर घरासारखं राहतं, बॅगांच्या खोक्यांची चळत नाही. पीडीच्या बॅगेतली साखर अंगात जात नाही. मधुमेह असेल तर ही लहान गोष्ट नव्हे. आणि रोज बॅग उजेडात धरून पोटातून निघालेलं पाणी गढूळ तर नाही ना, हे बघायची धाकधूक संपते. महात्मा फुले आरोग्य योजनेत बसलात तर खर्चही हलका होतो. डॉक्टर फेब्रुवारीतच म्हणाले होते, हवं तर परत पीडीचं बघू. भीतीपोटी मीच टाळलं.

मग उन्हाळा आला. लघवी जवळजवळ बंद, दिवसाला पाऊण लिटरच प्यायचं ठरलेलं, त्यातच चहा आणि वरण. जानेवारीत ते निभलं. मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळीसला टेकला तेव्हा बर्फाचा खडा चघळत, गुळण्या करून थुंकत दिवस काढले. कोपऱ्यावरच्या रसवंतीचे घुंगरू वाजले की खिडकी लावून घ्यायचो. एखाद्या दिवशी हात सुटला की पुढच्या हिमोत जास्त पाणी ओढायला लागायचं आणि पोटऱ्यांत गोळे यायचे. बाकी सगळं सोसलं असतं, तहान नाही सोसवली.

म्हणून पीडीवर परतलो. पीडीत पाणी रोज थोडंथोडं निघतं, त्यामुळे मला प्यायलाही थोडी सैल मिळाली. पोटॅशियमचा धाकही कमी. हिवाळ्यात एखादं संत्रं चालतं.

मात्र परतीची वाट सगळ्यांना मोकळी नसते. बुरशीनंतर पोटात आतडी चिकटलेली असू शकतात, ते दुर्बिणीतून नवी नळी घालताना कळतं. माझं नशीब बरं. हात थरथरत असतील, घरी मदतीला कोणी नसेल, तर हिमोच बरं, असं मीही म्हणेन.

आणखी एक. माझी बुरशी आधीच्या पेरिटोनायटिसच्या (पोटाच्या आतल्या पडद्याच्या संसर्गाच्या) अँटिबायोटिक्सपाठोपाठ आली होती. आता दाढेसाठी जरी अँटिबायोटिक लिहून दिलं तरी आधी नेफ्रोला फोन करतो. ते सोबत बुरशीवरचं औषध सुरू करतात.

पीडीचाही एक जाच आहेच. बॅग जोडताना-काढताना खिडक्या लावायच्या, पंखा आणि कूलर बंद. मे महिन्यात दिवसातून चारदा ही भट्टी. मास्क घामानं ओला होतो, बायको दाराबाहेर थांबते. मी हाक मारली की कूलर सुरू करते आणि माठातलं पाणी आणते. मोजूनच, पण पेला भरून.